सामायिक भूत

दांडेकर समितीनं १९८४ साली मराठवाड्याचा अनुशेष मोजला. रस्ते मोजले, सिंचन मोजलं, शाळा, दवाखाने, विजेचे पंप मोजले. भुतं तेवढी मोजायची राहिली, आणि तो अनुशेष आजतागायत भरून निघालेला नाही. या खात्यात कोकण कायम पुढं. तिथं प्रत्येक वडाला, पाणंदीला, विहिरीला कोणी ना कोणी नेमलेलं असतं. देवचार निराळा, समंध निराळा, प्रत्येकाची हद्द ठरलेली, नारळ ठरलेला. २०१६ साली 'रात्रीस खेळ चाले' ही मालिका आली तीसुद्धा सावंतवाडीजवळच्या आकेरीतल्या वाड्यातून. पुण्याची तर बातच सोडा, तिथलं भूत थेट पेशवे घराण्यातलं. आणि धाराशिव जिल्ह्याच्या वाट्याला काय? तर "तिकडं म्हणं कायतरी हाय" एवढं एक मोघम वाक्य.

ते 'कायतरी' आमच्या परंड्याच्या वाड्यात आहे. निदान तसा लौकिक आहे. लौकिक मिळावा असं आमच्या घराण्यानं दुसरं फारसं काही केलेलं नसल्यामुळं आम्ही तो जपून ठेवलाय.

वाडा जुन्या गावात, किल्ल्याच्या अंगाला. पुढं दिंडीदरवाजा, आत ढाळज, मग चौक, चौकाभोवती सोपे, मागं माजघर आणि परसात आड. चौकात तुळस होती, आता एरंड आहे. मागच्या भिंतीतून पिंपळ उगवलाय आणि त्याची तब्येत घराण्यातल्या कुणाहीपेक्षा चांगली आहे. भागीदार किती हे विचारू नका. मोजायला बसलं की मध्येच पुण्याहून कुणाला तरी नातू झाल्याचा फोन येतो. बहुतेक मंडळी पुणे, सोलापूर, लातूरला, एक जण न्यू जर्सीत. मग वाड्यात राहतं कोण? कायदेशीर उत्तर, कुणी नाही. गावाचं उत्तर वेगळं आहे.

चार पिढ्यांत वाड्याची वाटणी झाली नाही, भुतांची मात्र चोख झाली. थोरल्या पातीचं भूत ढाळजेत बसतं. ते आमचे पणजोबा. रात्री पैसे मोजतात, खुळखुळ ऐकू येते. मधल्या पातीकडं माजघरात पांढऱ्या लुगड्यातली बाई आहे. ती कुणाला त्रास देत नाही, फक्त या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत जाते. धाकट्या पातीच्या वाट्याला नेहमीप्रमाणं परसाकडची उरलेली जागा आली, तेव्हा त्यांनी तिथल्या पिंपळावर मुंजा बसवला. गंमत म्हणजे एकाही पातीनं दुसऱ्या पातीचं भूत आजवर मान्य केलेलं नाही. थोरल्या पातीचे आबा स्पष्ट सांगतात, "बाई-बिई कोण न्हाई तिथं. माजघर बळकवायला काढलंय ते." यावर मधल्या पातीच्या आत्या जे बोलतात ते छापता येत नाही आणि छापायची गरजही नाही, बार्शीपर्यंत ऐकू जातं. गावात त्यांना मुलुखमैदान म्हणतात.

मुलुखमैदान हा तसा परंड्याचा हळवा विषय. अहमदनगरला १५४९ साली महंमद बिन हसन रूमीनं ओतलेली ही तोफ आमच्या किल्ल्यावर होती. वजन पंचावन्न टनांच्या आसपास, तोंड एवढं की आत माणूस आरामात बसावा. १६३२ साली मुरार जगदेवानं ती विजापूरला नेली. दहा हत्ती आणि चारशे बैल जुंपले होते म्हणतात. एवढी वस्तू गावातून कुणीतरी उचलून नेली याचं दुःख आम्हाला आहेच. पण ज्या गावातून पंचावन्न टन हलू शकले, त्याच गावात आमच्या सोप्यातलं सामायिक कपाट पणजोबांपासून हललेलं नाही, याचं नवल जास्त. पुढची गोष्ट तर जिव्हारी लागणारी आहे. १८५४ साली इंग्रज सरकारनं निरुपयोगी माल म्हणून या तोफेचा लिलाव पुकारला तेव्हा सगळ्यात मोठी बोली आली दीडशे रुपयांची. तिथल्या साहेबाला ती फारच हलकी वाटली, म्हणून तोफ विजापुरात राहिली. ही हकिकत मी भागीदारांच्या प्रत्येक बैठकीत सांगतो. हेतू हा की, जुन्या वस्तूला बाजारात काय भाव येतो ते लोकांना कळावं आणि मिळेल त्या भावाला त्यांनी हो म्हणावं. आत्या प्रत्येक वेळी म्हणतात, "म्हंजी इकायचं न्हाई. सायबाला बी कळलं हुतं."

परंड्यात वाडा असून त्याला भुयार नाही असं सांगणारा माणूस गावात मिळणार नाही. भुयार किल्ल्यात निघतं, हे किमान. त्यात घोडेस्वार ताठ बसून जाऊ शकतो, हेही ठरलेलं. किल्ल्याभोवती खंदक आहे आणि भुयार किल्ल्यात जायचं तर ते त्या खंदकाच्या पाण्याखालून न्यावं लागेल, हा मुद्दा मी एकदा काढला होता. त्यावर "आदीची माणसं हुशार हुती" असं उत्तर मिळालं. पुढं बोलायला जागा राहिली नाही. बरं, गावाच्या या दिमाखाला आधार नाही असंही नाही. १६०० साली अहमदनगर पडलं तेव्हा मलिक अंबरनं मुर्तजा निजामशहाला गादीवर बसवलं ते परंड्यात; काही काळ का होईना, हे तालुक्याचं गाव एका सल्तनतीची राजधानी होतं. १६३४ साली शहाजहानचा मुलगा शुजा आणि सेनापती महाबतखान एवढी फौज घेऊन आले आणि किल्ला न घेताच परत गेले. एकेकाळी राजधानी असलेल्या गावातली भुतं साधी कशी असतील? आमचे पणजोबा हयातीत गावातल्या एका दुकानात हिशेब लिहीत. मेल्यापासून त्यांच्या अंगावर हळूहळू मंदील, अंगरखा आणि कमरेला तलवार चढलीय. आणखी दोन पिढ्या थांबलो तर ते निजामशहाचे दिवाण होतील.

ढाळजेखाली पेव आहे. धान्य साठवायचा जमिनीतला खड्डा, तोंड अरुंद, पोट मोठं. या पेवात हंडा आहे आणि पणजोबा त्यावरच बसलेत, अशी थोरल्या पातीची खात्री. भुतांच्या जातींमध्ये समंध म्हणून जो प्रकार आहे तो म्हणजे मालमत्ता विभाग. जीव जातो, मालावरचं लक्ष जात नाही. पुरावा काय, तर पूर्वी कधीतरी कुणी कंदील दोरीला बांधून पेवात सोडला तर तो आत जाताच विझला. "कुणीतरी फुंकर मारली." वर्षानुवर्षं बंद राहिलेल्या पेवात कार्बन डायऑक्साइड साठतो, तिथं ज्योत टिकत नाही, माणूसही टिकत नाही, आणि जुनी जाणती माणसं आधी कंदील सोडायची ती याचसाठी. हे मी आबांना समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "मग त्यो वायू कुणी सोडला?"

हंड्याचं म्हणाल तर मी त्याचाही अभ्यास केलाय. १८७८ चा एक कायदा आहे, भूमिगत धनाचा. दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काही जमिनीत सापडलं तर कलेक्टरला कळवायचं. म्हणजे पणजोबा इतकी वर्षं थंडीवाऱ्यात बसून जे राखताहेत ते शेवटी कचेरीतच जमा करायचंय. शिवाय हंड्यात असलेच तर निजामाचे हाली रुपये असणार. ते आज किराणा दुकानात चालत नाहीत. हे त्यांना कुणीतरी सांगायला हवं, पण थोरली पाती म्हणते, आमच्या भुताशी तुम्ही परस्पर बोलायचं नाही.

आता माजघरातल्या बाईविषयी. हे माझं खास संशोधन आहे म्हणून जरा सविस्तर सांगतो. आमच्या भागातली जुनी घरं माळवदाची. सागाच्या तुळया, त्यावर आडवी लाकडं, त्यावर चिपा आणि वर पांढऱ्या मातीचा हातभर थर. उन्हाळ्यात आत गारवा, पण खिडकीच्या नावानं शंख. म्हणून माळवदाला मधोमध एक गोल भोक ठेवतात, त्याला सवणं म्हणतात. दिवसा उजेड त्यातून येतो, स्वयंपाकाचा धूर त्यातून जातो, पाऊस आला की वर कुणीतरी पळत जाऊन त्यावर परात नाहीतर फरशी झाकतं. आमच्या माजघराच्या सवण्यावर कुणी झाकण ठेवावं यावर एकमत न झाल्यामुळं ते बारा महिने उघडं आहे. एका पौर्णिमेला मी तिथं अंथरूण टाकलं. काळोख इतका की स्वतःचा हात दिसेना. मग पश्चिमेकडच्या भिंतीवर एक पांढरा लांबट डाग उमटला. तो भिंतीवरून उतरला, जमिनीवर आला, जात्याला वळसा न घालता जात्यावरून गेला आणि तासाला दीड-दोन हात अशा चालीनं समोरच्या भिंतीकडं निघाला. वाऱ्यानं सवण्याच्या काठावरचं गवत हललं की त्याचा पदरही हलायचा. खरं सांगतो, कारण माहीत असूनही मी पांघरूण डोक्यावरून ओढलं. पहाटेकडं बाई पूर्वेच्या भिंतीवर चढून निघून गेली.

सकाळी आत्यांना म्हटलं, "आत्या, ते चांदणं आहे."

"चांदणं आस्तंय रं," आत्या म्हणाल्या, "पर ते आपल्याच माजघरात का येतंय?"

पणजोबांच्या पैशांचाही छडा लागला, त्यात फार राम नाही. ढाळजेवर आता माळवद नाही, पत्रे आहेत. परंड्याला एप्रिल-मे महिन्यात पत्रा दिवसभर तापतो, रात्री आकसतो आणि आकसताना वाजतो. हे पत्रे आले कधी, तर १९९३ नंतर. ३० सप्टेंबरच्या पहाटे किल्लारी-सास्तूरकडं जमीन हलली आणि दगडमातीच्या जाड भिंती, वरची जड माळवदं झोपलेल्या माणसांवर आली. हजारो माणसं गेली. त्यानंतर कित्येक महिने आमच्या साऱ्या जिल्ह्यानं अंगणात बाजा टाकल्या. घरात भूत आहे म्हणून कुणी बाहेर झोपत नव्हतं, घर आहे म्हणून झोपत होतं. ज्यांना जमलं त्यांनी माळवदं उतरवली. आमच्याकडं फक्त ढाळजेचं उतरलं, कारण बाकीच्याचा खर्च कुणी किती द्यायचा हे अजून ठरायचंय. म्हणजे आम्हाला खरी भीती वाटायला हवी ती माजघराच्या छताची. पण छताविषयी कुणी गोष्टी सांगत नाही.

पिंपळावरचा मुंजा म्हणजे गव्हाणी घुबड. पांढरा, बदामी आकाराचा चेहरा आणि असा फाटका चीत्कार की ऐकणाऱ्याला आपले सगळे जुने व्यवहार आठवावेत. वाड्यातल्या उंदरांचा बंदोबस्त तेच करतं. सगळ्या वारसांत वाड्यासाठी काही काम करणारा तेवढा एकच.

मराठी माणसाची भुतं आणि भाऊबंदकी यांची ही सोयरीक काही आमच्यापासून सुरू झालेली नाही. शनिवारवाड्याचंच बघा. थोरल्या बाजीरावानं १७३० साली पायाभरणी केली, १७३२ साली वास्तुशांत झाली, खर्च सोळा हजार एकशे दहा रुपये. वास्तुशांतीला कमी पडलं असेल असं वाटत नाही. पण ३० ऑगस्ट १७७३ रोजी, ऐन गणपतीत, अठरा वर्षांच्या नारायणराव पेशव्याला गारद्यांनी वाड्यातच मारलं, आणि रामशास्त्र्यांनी दोष ठेवला तो सख्ख्या काकावर. महाराष्ट्रातलं सगळ्यात नामांकित भूत आजही कुणा परक्याला शिव्या देत नाही, मुसलमानाला नाही, इंग्रजाला नाही. ते काकाला हाक मारतं. पुढं १८२८ साली वाड्याला आग लागली, आठवडाभर जळत राहिला, आतलं सगळं गेलं. दिवाणखाना गेला, महाल गेले, छत गेलं. तक्रार तेवढी राहिली. मला आणखी एक शंका आहे. खून झाला तो भाद्रपद शुद्ध त्रयोदशीला, आणि हाक मात्र ऐकू येते म्हणतात पौर्णिमेला किंवा अमावास्येला. श्राद्ध तिथीनं आणि भूत सोयीनं, हा काय हिशेब? बहुधा प्रेक्षकांच्या मागणीवरून तारीख बदलली असावी.

हिंदू एकत्र कुटुंबाचा कायदा ज्या मिताक्षरेवर उभा आहे ती विज्ञानेश्वरानं कल्याणीच्या चालुक्यांच्या दरबारी लिहिली. ते कल्याणी म्हणजे आजचं बसवकल्याण, उमरगा ओलांडलं की आलंच. म्हणजे या विषयात आमचा भाग नवशे वर्षांचा अनुभवी. मिताक्षरेप्रमाणं वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाचा हक्क जन्मापासून सुरू होतो. तो संपतो कधी, याबद्दल आमच्या घराण्यात पुरेशी स्पष्टता नाही. पणजोबांनी तरी अजून सोडलेला नाही. १९९४ साली महाराष्ट्रानं मुलींनाही तो हक्क दिला. फार चांगलं झालं, फक्त त्या दिवशी आमच्या बैठकीला सतरंजी कमी पडायला लागली.

वाडा विकायचा तर सगळ्यांच्या सह्या हव्यात. सह्या व्हायच्या तर सगळे एका खोलीत बसायला हवेत. एका खोलीत बसले की ती खोली कुणाची यावरून सुरुवात होते. अशा वेळी भुताचा केवढा आधार वाटतो! "वाटणी का नाही केली?" असं कुणी विचारलं तर भावाभावांत पटत नाही हे सांगायला लाज वाटते, "वाडा बाधिक आहे" म्हटलं की समोरचा आवाज खाली आणतो. पडवीत अतिक्रमण होत नाही, कारण भूत. भाडेकरू ठेवायचा कुणी आणि भाडं घ्यायचं कुणी हा तंटा नाही, कारण भूत. पोरं चौकात क्रिकेट खेळत नाहीत. चोरही येत नाहीत, पण त्यात वाड्यातल्या मालाचाही वाटा असावा. बिनपगारी राखणदार, शिवाय दोष द्यायला हक्काचा माणूस. मी तर म्हणतो, ही भुतं उद्या खरोखर निघून गेली तर आम्हाला एकमेकांकडं बघावं लागेल.

तसा प्रसंग एकदा येऊन गेला. बाहेरगावचा एक बिल्डर जागा बघायला आला. त्यानं फोनवर जो आकडा सांगितला तो ऐकताच तिन्ही पातींची भुतं एका रात्रीत निघून गेली. आबा छातीठोकपणे म्हणाले, "कुटलं भूत आन कुटलं काय! मी स्वतः झोपलोय तिथं." आत्यांनी माजघरातल्या बाईला चांदणं म्हणून मान्यता दिली. धाकट्या पातीनं मुंजाला पक्षी जाहीर केलं. पन्नास वर्षांत अंधश्रद्धा निर्मूलनाचं एवढं काम त्या तालुक्यात कुणी केलं नसेल. पण बिल्डर हुशार निघाला. चहाच्या टपरीवर बसून त्यानं गावाकडून वाड्याचा सगळा इतिहास ऐकून घेतला आणि दुसऱ्या दिवशी येऊन म्हणाला, "तुमचं ते बाधिक प्रकरण आहे, त्याचे तीस टक्के कमी करा." तीस टक्के कुणाच्या भुतापायी, यावर बैठक मोडली. संध्याकाळपर्यंत तिन्ही भुतं आपापल्या जागी हजर.

मग कुणीतरी देवऋषी बघू म्हणालं. न्यू जर्सीवाल्यानं व्हॉट्सॲपवर लगेच २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा टाकला. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण केली तर आत जाल. आबांनी विचारलं, "भुताला मारलं तर?" यावर कायदा काही म्हणत नाही. दुसरं मत असं पडलं की, सीनेच्या काठी डोमगावला कल्याणस्वामींचा मठ इतका जवळ आहे, तिथं जाऊन नुसतं बसावं. समर्थ सांगत गेले आणि कल्याणस्वामी लिहीत गेले, म्हणून दासबोध झाला. आमच्याकडं सांगणारे सगळे आहेत, लिहून घ्यायला कुणी तयार नाही. मठात जायचं ठरलं, मात्र गाडी कुणाची न्यायची यावर अडलं.

या सगळ्यात गेल्या महिन्यात वाड्याच्या दारावर सरकारी नोटीस डकवलेली सापडली. वाड्याच्या कागदावर नाव अजून पणजोबांचंच आहे, कारण वारसनोंदीलाही सगळ्यांच्या सह्या लागतात. तोडलेल्या मीटरचं थकीत बिलही त्यांच्याच नावे येतं. साहजिकच नोटीसही त्यांनाच होती. आपली इमारत धोकादायक झाल्याचे निदर्शनास आले आहे, तरी आपण सात दिवसांच्या आत समक्ष हजर राहून लेखी खुलासा सादर करावा, अन्यथा आपले काही म्हणणे नाही असे समजण्यात येईल.

थोरल्या पातीत आनंदीआनंद. "बगा, सरकारनं आमचंच मान्य केलं." मधल्या पातीनं बाईच्या नावे वेगळी नोटीस का नाही म्हणून हरकत घेतली. धाकटी पाती म्हणाली, आम्हाला कायमच डावलतात. खुलासा काय द्यायचा यावर सव्वादोनशे मेसेज झाले, त्यात ऐंशी हात जोडलेले. शेवटी मी कॅलेंडर काढून मुदत मोजली. सातवा दिवस सर्वपित्री अमावास्येचा निघाला.

"मग कशाला काळजी करायलाव?" आबा म्हणाले. "त्या दिवशी जेवायला येत्यातच की. जाता जाता सही करून जातील."